काउंट उवारोवचे बंधारे

एपिसोडमध्ये सर्गेई उवारोवचं नाव मी दोन-तीनदा घेतलं आणि पुढे गेलो. रेकॉर्डिंग संपल्यावर मात्र आमच्यात यावरून चांगलीच जुंपली. "म्हणजे तो सेन्सॉरवाला मंत्री ना?" असं एकीचं म्हणणं. "युनिव्हर्सिटी उभी केली त्याने," असं माझं. दोघंही बरोबर होतो, आणि नेमकी तीच अडचण आहे. त्या वादातलं जे डोक्यात राहिलं ते इथे लिहितोय.

ज्यांनी हे नाव कधीच ऐकलेलं नाही (लाजू नका, रशियाबाहेर फारसं कुणी ऐकलेलं नसतं) त्यांच्यासाठी थोडक्यात. उवारोव १७८६ मध्ये पीटर्सबर्गच्या उमराव घराण्यात जन्मला. फ्रेंच पाद्र्याच्या हाताखाली शिकला, विशीत व्हिएन्नाच्या रशियन वकिलातीत होता, गटेशी त्याचा पत्रव्यवहार होता. चोविसाव्या वर्षी तो पीटर्सबर्ग शैक्षणिक विभागाचा प्रमुख झाला. सासरा शिक्षणमंत्री होता, त्यामुळे हे कसं झालं याचा फार विचार करायला नको. १८१८ पासून १८५५ मध्ये मरेपर्यंत, म्हणजे तब्बल ३७ वर्षं, तो विज्ञान अकादमीचा अध्यक्ष होता. १८३३ ते १८४९ शिक्षणमंत्री. आणि शाळेच्या पाठ्यपुस्तकांत त्याचं नाव येतं ते तीन शब्दांसाठी: सनातन ख्रिस्ती धर्म, एकछत्री राजसत्ता आणि 'नारोद्नोस्त', म्हणजे ढोबळमानाने राष्ट्रीयत्व किंवा लोकत्व. झार निकोलाय पहिल्याच्या राजवटीची ही त्रिसूत्री. १८४६ मध्ये उवारोवला काउंट ही पदवी मिळाली तेव्हा त्याने हेच तीन शब्द आपल्या कुलचिन्हावर घालून घेतले.

या माणसाचं आयुष्य वाचायच्या दोन पद्धती रूढ आहेत. दोन्ही मला अपुऱ्या वाटतात.

पहिली पद्धत इतिहासकार सोलोव्योवची. हा उवारोवच्याच काळात मॉस्को विद्यापीठात शिकला, तिथेच प्राध्यापक झाला, आणि आठवणी लिहिताना त्याने माजी मंत्र्याची सालटी काढली. मुद्दा असा की ज्याचा देवावर विश्वास नाही त्याने धर्माचा झेंडा घेतला, जो स्वतः उदारमतवादी त्याने राजसत्तेचा, आणि ज्याने आयुष्यात धड रशियन पुस्तक वाचलं नाही त्याने राष्ट्रीयत्वाचा. थोडक्यात, ढोंगी. दुसरी पद्धत सिंथिया व्हिटेकर या अमेरिकन अभ्यासिकेची. १८१० ते १८४९ या काळातल्या रशियन शिक्षणाबद्दल काही कळून घ्यायचं असेल तर तिच्या १९८४ च्या उवारोव-चरित्राला पर्याय नाही. तिथे भेटतो तो गंभीर, सुसंगत विचार करणारा सुधारक: रशिया हळूहळू, राज्याच्या हाताला धरून प्रौढ होईल असं मानणारा, आणि त्यासाठी अप्रिय तडजोडी करणारा. पुस्तक भरीव आहे, पण त्यात एक गोष्ट खटकते. सेन्सॉरशिप तिथे खर्चाच्या बाजूला लिहिलेली दिसते, विद्यापीठं जमेच्या. जणू एकाच वहीची दोन पानं. मला वाटतं ते एकच पान आहे.

सुरुवात १८१० पासून करू, कारण तिथे आपलाही थोडा संबंध येतो. त्या वर्षी उवारोवने पीटर्सबर्गमध्ये 'आशियाई अकादमी' काढण्याचा एक आराखडा फ्रेंचमध्ये छापला. दोन वर्षांपूर्वी फ्रीडरिख श्लेगेलचं भारतीयांच्या भाषेवरचं आणि ज्ञानावरचं पुस्तक आलं होतं आणि सगळ्या युरोपला संस्कृतचं वेड लागलं होतं. उवारोवही त्यातलाच. चिनी, मांचू, अरबी, फारसी, हिब्रू, संस्कृत हे सगळं एका छताखाली शिकवायचं, हस्तलिखितं जमवायची. वाचायला सुंदर आहे. पण त्याच आराखड्यात दुसरा धागाही आहे: रशिया आशियाला टेकून बसलाय, या प्रदेशावर वर्चस्व ठेवायचं तर त्यांच्या भाषा यायला हव्यात. चोवीस वर्षांच्या या मुलाला विद्या आणि राज्याचं हित यांत काहीच विरोध दिसत नाही. पुढे तो बदलला, बिघडला असं म्हणणाऱ्यांनी हे पान पुन्हा वाचावं.

दोन वर्षांनी त्याने एल्यूसिसच्या ग्रीक गूढविधींवर निबंध लिहिला, तोही फ्रेंचमध्ये. त्यात एक गंमत आहे ती सांगितल्याशिवाय राहवत नाही. या विधींच्या शेवटी 'कोंक्स ओम्पाक्स' असं काहीतरी म्हणत, अशी समजूत होती. काशीत राहणारा ईस्ट इंडिया कंपनीचा अधिकारी फ्रान्सिस विल्फर्ड याने शोध लावला की हे संस्कृत आहे: कांक्षा, ॐ, पक्ष! ब्राह्मण विधी संपवताना हेच म्हणतात म्हणे. तुमच्या घरच्या सत्यनारायणाला गुरुजींनी असं कधी म्हटलंय? पण उवारोवला हे पटलं, आणि ग्रीसचा उगम भारतात असल्याचा पुरावा म्हणून त्याने ते वापरलं. याच विल्फर्डला त्याच्या पंडिताने बनावट श्लोक घुसडून दुसऱ्या प्रकरणात गंडवलं होतं आणि त्याने ते छापून कबूलही केलं होतं. शेवटी १८२९ मध्ये लोबेक नावाच्या जर्मन पंडिताने दाखवून दिलं की हा मंत्र वगैरे काही नाही, एका जुन्या ग्रीक कोशातली नोंद नीट न वाचल्यामुळे दोन वेगळे शब्द चिकटलेत. कोशातली एक ओळ चुकली आणि त्यावर अख्खी संस्कृती उभी राहिली. व्हॉट्सॲपवर येणाऱ्या 'सगळ्या भाषांची आई' छापाच्या मेसेजना हसताना हे लक्षात ठेवा. त्यांचे पूर्वज अकादमीत बसत होते.

अर्थात यावरून उवारोव हौशी बाष्कळ माणूस होता असं ठरत नाही. १८१८ मध्ये अकादमीचा अध्यक्ष झाल्या झाल्या त्याने आशियाई संग्रहालय सुरू केलं आणि फ्रेन या पट्टीच्या अरबी-तज्ज्ञाला त्यावर नेमलं. त्या संग्रहातून आजची पीटर्सबर्गची प्राच्य हस्तलिखितांची संस्था झाली. त्याच वर्षी पौर्वात्य भाषांचं अध्यासन सुरू करताना त्याने जे भाषण केलं त्यात राजकीय स्वातंत्र्य ही ईश्वराची शेवटची आणि सगळ्यात सुंदर देणगी असल्याचं सांगितलं. पुढे लेखक ग्रेच म्हणाला की नंतरच्या उवारोवने या भाषणासाठी स्वतःलाच किल्ल्यात डांबलं असतं. १८१९ मध्ये त्याच्याच आराखड्यावर पीटर्सबर्ग विद्यापीठ उघडलं. आणि १८२१ मध्ये धर्मवेड्या अधिकाऱ्यांनी तिथल्या चार प्राध्यापकांवर नास्तिकतेचा आणि राजद्रोही शिकवणुकीचा खटला चालवला, तेव्हा उवारोव त्यांच्या बाजूने उभा राहिला, थेट झारला पत्र लिहिलं, आणि पद सोडलं.

इथे मी थोडा थांबतो, कारण आमच्या वादात माझा सगळा भर यावरच होता. खुर्ची सोडणं ही छोटी गोष्ट नाही. ज्यांनी डिपार्टमेंटमध्ये कुणावर अन्याय होताना बघून मीटिंगमध्ये मान खाली घातली आहे (मी घातली आहे), त्यांना हे कळेल. म्हणून सोलोव्योवचं 'ढोंगी' मला पटत नाही. ढोंगी माणूस १८२१ मध्ये गप्प बसला असता.

मग १८३२-३३ मध्ये काय झालं? उवारोव परत आला, आधी उपमंत्री म्हणून, मग मंत्री. त्याने मॉस्को विद्यापीठाची पाहणी केली आणि अहवाल दिला. त्यात त्याची प्रसिद्ध कल्पना आहे: युरोपातून येणाऱ्या घातक विचारांपुढे जमतील तितके 'बौद्धिक बंधारे' बांधायचे. सेन्सॉरशिप हा त्यातला एकच बंधारा. चांगलं विद्यापीठ हाही बंधारा, लॅटिन-ग्रीक हाही, रशियन इतिहासाचं अध्यासन हाही. तरुणांना खरं, अवघड, खोल काहीतरी शिकायला दिलं की ते उथळ राजकीय चोपड्यांच्या नादी लागणार नाहीत, असा हिशेब. प्राध्यापक-सेन्सॉर निकितेन्कोच्या डायरीत उवारोवचं एक बोलणं नोंदलेलं आहे. रशियासमोर जे वाढून ठेवलंय ते आपण पन्नास वर्षं लांबवू शकलो तर समाधानाने मरू, असा त्याचा आशय. (निकितेन्को स्वतः भूदास म्हणून जन्मलेला. त्याची डायरी मिळाली तर जरूर वाचा.)

त्रिसूत्रीचंही तसंच. अभ्यासक आंद्रेई झोरिनने उवारोवचा १८३२ चा झारला लिहिलेला मसुदा उजेडात आणला. राष्ट्रीयत्वाची ही संहिता मूळ लिहिली गेली फ्रेंचमध्ये. आपण यावर लगेच हसतो. पण जरा सबुरीने. मराठी अस्मितेवर तावातावाने इंग्रजीत पोस्ट लिहिणारे आपण काही कमी नाही, आणि त्या काळच्या रशियन उमरावाची विचाराची भाषा फ्रेंचच असायची. मला त्यातलं बोचतं ते वेगळंच. लोकत्वाच्या या व्याख्येत लोक कुठेच बोलत नाहीत. लोक कसे आहेत हे वरून ठरतं, आणि त्यांच्या वतीने त्यांना कळवलं जातं.

आता माझा मुद्दा. उवारोवच्या मंत्रिपदाची सोळा वर्षं बघताना 'किती उदार, किती कठोर' हा प्रश्न सोडून द्या. त्याऐवजी विचारा: त्याने कुणाला सांभाळलं आणि कुणाला चिरडलं?

सांभाळलं ते असे. १८३९ मध्ये पुल्कोवोची वेधशाळा उघडली, तिच्यासाठी स्त्रूवेला हवी ती उपकरणं मिळाली. १८३४ मध्ये जुनी कागदपत्रं छापणारा आयोग स्थापन झाला. बॉपचा विद्यार्थी रॉबर्ट लेन्झ पीटर्सबर्ग विद्यापीठात संस्कृत शिकवू लागला. तो १८३६ मध्ये तरुणपणीच गेला. कझानला पावेल पेत्रोव्ह १८४१ पासून संस्कृत शिकवत होता. १८३५ च्या विद्यापीठ कायद्याने विभागप्रमुखाची नजर अधिक कडक झाली हे खरं, पण प्राध्यापकांचे पगार वाढले आणि अध्यासनंही. होतकरू तरुण बर्लिनला जाऊन शिकून येत होते. एखाद्या राजवटीत एका मंत्र्याने विद्येसाठी इतकं करणं दुर्मीळच.

आणि चिरडलं ते? निकोलाय पोलेवोय हा व्यापाऱ्याच्या घरातला, पदवी नसलेला माणूस. त्याचं 'मॉस्को टेलिग्राफ' मासिक खूप वाचलं जायचं. उवारोवच्या खात्याने त्यातले आक्षेपार्ह उतारे आधीच वहीत जमवून ठेवले होते. १८३४ मध्ये पोलेवोयने एका देशभक्तिपर नाटकाचं वाईट परीक्षण छापलं, नाटक झारला आवडलेलं निघालं, आणि मासिक बंद. एका परीक्षणापायी! (परीक्षण लिहिणाऱ्यांनो, रिव्ह्यूअर नंबर दोनपेक्षा वाईटही काही असू शकतं.) १८३६ मध्ये 'टेलिस्कोप'ने चादायेवचं 'तात्त्विक पत्र' छापलं; मासिक बंद, संपादक नदेझ्दिन हद्दपार, आणि चादायेवला सरकारी हुकमाने वेडा ठरवण्यात आलं. त्याच्या आदल्या वर्षी पुश्किनने 'लुकुलसच्या प्रकृतीस आराम' या कवितेत उवारोवचीच खिल्ली उडवली. श्रीमंत काउंट शेरेमेत्येव आजारी पडला तेव्हा वारसाहक्काच्या आशेने उवारोवने मालमत्तेला कुलपं लावायची घाई केली, आणि तो काउंट बरा झाला, अशी चर्चा होती. पूर्वी याच दोघांनी 'अर्झमास' नावाच्या साहित्यिक टवाळ मंडळात एकत्र धमाल केली होती. तिथे उवारोवचं टोपणनाव 'म्हातारी' होतं. १८३७ मध्ये पुश्किन गेला तेव्हा काळ्या चौकटीत मृत्युलेख छापणाऱ्या संपादकाला झापण्यात आलं. मंत्र्याची नाराजी त्याच्यापर्यंत पोचवली गेली. असा कोण मोठा सेनापती किंवा मंत्री होता तो, असा एकूण सूर.

या दोन याद्या शेजारी ठेवल्या की फरक दिसतो, आणि तो उदारमत विरुद्ध प्रतिगामी असा नाही. सांभाळलेले सगळे थोड्यांसाठी लिहीत होते. नक्षत्रांच्या सारण्या, अरबी नाणी, संस्कृत धातू. चिरडलेले सगळे वाचकांसाठी लिहीत होते. विद्या बंद दाराआड असेतोवर तिच्यावर हवा तेवढा पैसा. ती रस्त्यावर आली, कुणाही वाण्याच्या पोराने मासिक काढून ती वाटायला घेतली, की बंधारा.

माझ्या मांडणीला सगळ्यात चांगला पुरावा 'टेलिस्कोप' प्रकरणातच आहे, आणि तो बहुतेक चरित्रांत एका ओळीत उरकला जातो. चादायेवचं पत्र ज्या सेन्सॉरने पास केलं तो अलेक्सेई बोल्दिरेव. मॉस्को विद्यापीठाचा रेक्टर, अरबी-फारसीचा प्राध्यापक, अरबी आणि फारसीच्या पाठ्यपुस्तकांचा कर्ता. म्हणजे १८१० च्या आराखड्यात उवारोवला जसा विद्वान हवा होता, अगदी तसाच. वर्षानुवर्षं तो आपल्या व्याकरणात सुरक्षित होता. वाचकांच्या हाती जाणाऱ्या एका लेखावर सही केली आणि सगळी पदं गेली.

तुम्ही म्हणाल, राज्यं अशीच असतात, यात उवारोवचं काय विशेष? विशेष हे की तो इतर मंत्र्यांसारखा अडाणी नव्हता. काय दडपतोय हे त्याला नेमकं कळत होतं. अडाणी सेन्सॉर चुकून चांगलं पुस्तक सोडून देतो. वाचणारा सेन्सॉर सोडत नाही.

हाच हिशेब साम्राज्याच्या कडांवर लावला की आणखी कठोर दिसतो. पोलिश उठावानंतर १८३२ मध्ये विल्नाचं विद्यापीठ बंद केलं आणि १८३४ मध्ये कीव्हला नवीन उघडलं, त्या भागातल्या पोलिश तरुणांना रशियन करण्यासाठी. क्रेमेनेत्सच्या पोलिश विद्यालयाचा ग्रंथसंग्रहही तिकडे हलवला. पण विद्यापीठ उघडलं की त्यात माणसं येतात. १८४७ मध्ये याच कीव्हमधून प्राध्यापक कोस्तोमारोव आणि कवी-चित्रकार शेवचेन्को यांना अटक झाली, युक्रेनी बंधुसंघाच्या प्रकरणात. ज्यू मुलांसाठी सरकारी शाळा काढायच्या तर उवारोवने म्युनिकचा तरुण रब्बी माक्स लिलियेन्थाल याला हाताशी धरलं. लिलियेन्थाल गावोगाव फिरून ज्यू समाजाला सांगत राहिला की सरकारचा हेतू चांगला आहे. समाजाचा विश्वास बसला नाही. अखेर त्याचाही उडाला असावा, कारण १८४५ पर्यंत तो न्यूयॉर्कला पोचलेला होता. पुढे सिनसिनाटीत रब्बी म्हणून त्याचं आयुष्य गेलं. एखाद्या बड्या योजनेचा 'कम्युनिटी पार्टनर' म्हणून ज्यांचं नाव वापरलं गेलंय, त्यांनी हे चरित्र बघावं. आणि १८४५ मध्ये उवारोवने विद्यापीठांची फी वाढवली. उत्पन्नासाठी नव्हे, खालच्या वर्गातली मुलं आपल्या पायरीबाहेरचं शिकू नयेत म्हणून.

शेवट त्याचा त्यानेच बांधलेल्या भिंतीवर आपटून झाला. १८४८ मध्ये युरोपात क्रांत्या झाल्या, निकोलाय घाबरला, आणि उवारोवच्या सेन्सॉरांवर नजर ठेवायला आणखी एक गुप्त समिती बसली. विद्यापीठं बंदच होणार अशी अफवा पसरली. तेव्हा उवारोवने काय करावं? त्याने एका प्राध्यापकाकरवी 'सोव्रेमेन्निक' मासिकात विद्यापीठांच्या बचावाचा लेख छापवून आणला. आयुष्यभर ज्या वाचकाला बाहेर ठेवलं, त्याच वाचकाकडे अपील. झारला ते आवडलं नाही: सरकारी निर्णयांबद्दल मासिकात बोलायचंच कशाला? पोलेवोयला दिलेलं उत्तर फिरून मंत्र्याकडे आलं. ऑक्टोबर १८४९ मध्ये तो पायउतार झाला. १८५० मध्ये त्याच्या जागी आलेल्याने तत्त्वज्ञानाची अध्यासनं बंद केली, म्हणजे उवारोवने जे वाचवलं होतं तेही अर्धं गेलं.

याच प्रसंगावर आमचा वाद अडला. माझी सहकारी म्हणते, यात शोकांतिका वगैरे नाही, जे पेरलं ते उगवलं. मला तरीही १८४९ चा उवारोव १८२१ च्या उवारोवसारखा दिसतो. दोन्ही वेळा त्याने विद्यापीठासाठी खुर्ची पणाला लावली. बाहेरच्या माणसासाठी मात्र, त्या सोळा वर्षांत, एकदाही नाही. तिने हे ऐकून घेतलं आणि विचारलं, "आपण लावतो का?" याला माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हतं. आपल्यापैकी बरेच जण ग्रँटवर जगतो, व्हिसावर राहतो, आणि जर्नलच्या पेवॉलमागे हवं ते परखड लिहितो, कारण ते कुणी वाचत नाही हे देणाऱ्यालाही माहीत असतं. तेच मराठीत, मोकळ्या ऑडिओत बोलायची वेळ आली की शब्द जपून वापरतो. गेल्या एपिसोडमधली साडेचार मिनिटं आम्ही कापली. कुणी सांगितलं नव्हतं.

उवारोव १८५५ च्या सप्टेंबरात मॉस्कोत वारला. त्याच्या नावाने उरलंय ते एक खनिज: उवारोवाइट, उरलमध्ये सापडलेलं, गडद हिरवं गार्नेट. स्फटिक इतके बारीक की दागिन्यात बसवायला सहसा उपयोगी पडत नाहीत. आणि एक कोश, ज्यावर त्याचं नाव नाही. ब्योटलिंकला १८४२ मध्ये त्याच्या अकादमीत जागा मिळाली होती. त्याने आणि रोटने मिळून केलेल्या संस्कृत-जर्मन महाकोशाचे सात खंड अकादमीने छापले, शेवटचा १८७५ मध्ये. मोनियर-विल्यम्सचा कोश तुम्ही फोनवर उघडता तेव्हा त्यातलं बरंचसं मूळ इथलं असतं. पीटर्सबर्ग कोश आता कोलोन विद्यापीठाच्या साइटवर कुणालाही फुकट बघता येतो, लॉगिनशिवाय. पहिल्या खंडावर साल आहे १८५५.